लेस्टरच्या वाटणीचं जेवण

आमच्या गिर्यारोहण क्लबाचा शिधा नोलीन हर्स्ट बघायची. टारारुआच्या डोंगरांत कुठेही जायचं असो, कोणाच्या पाठीवर काय चढेल हे तीच ठरवायची. नव्या लोकांना ती शिकवायची तेव्हा आवाज कोरडा असायचा.

“भूक लागायच्या आधी खा. थंडी वाजायच्या आधी अंगात घाला. क्लाइव्ह पेथरिकने हे होऊ दिलं नाही, म्हणून माझा भाऊ मेला.”

नवे लोक भिंतीवरच्या क्लाइव्हच्या फोटोकडे बघत. क्लाइव्ह क्लबाचा अध्यक्ष होता.

तरुणपणी एका हिवाळ्यात क्लाइव्ह तिच्या भावाला, लेस्टरला, घेऊन डोंगरधारेवर गेला. दोघंच होते. वारा सुटला, लेस्टर गारठला आणि तिथेच गेला. शिधा नोलीनने बांधला होता. चौकशीत क्लाइव्ह म्हणाला, “खाणंच कमी बांधलेलं होतं.” तेव्हापासून गावात नोलीन म्हणजे भावाला उपाशी पाठवणारी बहीण.

तिला क्लाइव्हची सवय ठाऊक होती. रस्ता संपतो तिथे गाडी लावली की तो सगळ्यांच्या पाठपिशव्या उघडायचा आणि जड ते काढून गाडीत टाकायचा. आम्हीही हे केलं आहे. पाय हलके होतात, डोंगर तेवढाच राहतो. पण त्या दिवशीचं कोणी पाहिलं नव्हतं.

तिने सूड घेतला तो असा: तिच्या हातचा शिधा घेऊन गेलेला एकही माणूस पुन्हा उपाशी राहिला नाही, आजारी पडला नाही. प्रत्येक धडधाकट परतलेला माणूस म्हणजे क्लाइव्हच्या तोंडावर मारलेली चपराक. तरी तिचं पोट भरत नव्हतं. तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

क्लबाच्या डोंगरातल्या झोपडीचा वर्धापनदिन आला. म्हातारा क्लाइव्ह हट्टाने वर निघाला. चढावर तो घामाने निथळत थांबला. नोलीनने त्याला ओला बनियन बदलायला लावला, मोजे बदलायला लावले, हातावर मनुका आणि चॉकलेट ठेवलं.

“चालता चालता चघळ.”

“एवढी काळजी, नोलीन?”

“वाटेत मेलास तर माझ्या काय उपयोगाचा?”

तो हसला. आम्हीही हसलो. ती हसली नाही.

संध्याकाळी झोपडीत चूल पेटली. घरी ओव्हनचं दार किलकिलं ठेवून वाळवलेला खिमा तिने दुपारच्या थांब्यालाच भिजत घातला होता, त्यामुळे तो मऊ शिजला. झऱ्याचं पाणी तिने खळखळून उकळलं. हात धुवायला सगळ्यांना झऱ्यापासून लांब पिटाळलं. आमच्याकडे सगळे एकाच पातेल्यातून जेवतात आणि म्होरक्याला शेवटी वाढतात, म्हणजे त्याच्या ताटात काय पडलं हे सगळे बघतात.

क्लाइव्हच्या ताटात तिने दोन कोरडी बिस्किटं आणि चिमूटभर मनुका ठेवल्या.

“हे काय गं?”

“लेस्टरच्या वाटणीचं. मी बांधलं होतं त्यातलं लोणी काढलं, चीज काढलं, जादा दिवसाचं जेवण काढलं, की एवढं उरतं. बरोबर ना?”

“चीज नव्हतं काढलं,” क्लाइव्ह म्हणाला.

चमचे थांबले. त्याचे ओठ उघडेच राहिले. बोललेलं परत गिळता येतं का, हे तो चाचपत असावा.

“पुन्हा सांग,” नोलीन म्हणाली. “मागच्या बाकावर ऐकू गेलं नाही.”

“नोलीन, इतकी वर्षं झाली...”

“वर्षं मला माहीत आहेत. लोणी सांग.”

तो उठून उभा राहिला. तिने बस म्हटलं नाही.

“लोणी मी काढलं. जादाचं जेवण मी काढलं. लेस्टर नको म्हणत होता. शिधा पुरेसा होता. चौकशीत मी खोटं बोललो.”

नोलीनच्या चेहऱ्यावर मी आनंद शोधला. तिथे नुसती भूक होती, आणि पहिल्यांदाच तिला घास मिळाला होता.

क्लाइव्हने ताट पातेल्याकडे सरकवलं. नोलीनने डाव माझ्या हातात दिला.

“तू वाढ त्याला, गरम आहे तोवर. उपाशी झोपला तर गारठेल. माझा हात वळत नाही.”

आणि ती बाहेर भांडी घासायला गेली.