पडद्यामागून पाहिलेला पेला

त्या काळी कोल्हारला तंबूतला सिनेमा यायचा. पडदा मधोमध बांधायचे. पडद्यापुढं पुरुष, पडद्यामागं बायका. चित्र पातळ कापडातून आरपार दिसायचं, त्यामुळे आपल्याला काही वेगळं दिसतंय असं आम्हा बायकांना कधी वाटलं नाही. सिनेमातली माणसं डाव्या हातानं जेवायची. शहरात तशी रीत असेल, म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली असतील, तेव्हा एक निराळाच सिनेमा आला. गाणं नाही, मारामारी नाही. एक आजारी बाप, त्याच्या दोन मुली आणि बंद घर. बाप बोलता बोलता सांगतो, की धाकटी डावरी आहे. पुढं कुणीतरी त्याच्या दुधात काहीतरी कालवतं. शेवटी उशाशी पेला ठेवणारा नुसता एक हात दिसतो आणि सिनेमा संपतो. कोणाचा हात, ते सांगतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओसरीवर जुंपली.

"धाकटीनंच मारला त्याला," मामंजी, म्हणजे माझे सासरे, चहाची बशी खाली ठेवत म्हणाले. "डावा हात हुता."

"उजवा हुता! मोठीचा!" आत्याबाई, माझ्या सासूबाई, आतून ओरडल्या. "डोळं कुठं ठिवलं हुतं?"

"समद्या गड्यांनी डावाच बघितला."

"आन समद्या बायांनी उजवा!"

"मंग बायांना शिनेमा कळत न्हाई. आजपास्नं बंद. कुणी जायाचं न्हाई."

चार बायकांत बसून मनासारखं हसायची-रडायची तेवढी एकच जागा मला होती. डाव्या हातानं जेवणारी ती माणसं आठवली आणि घोळ कुठं झालाय तेही माझ्या ध्यानात आलं. पण सांगणार कसं? सुनेनं सासऱ्यापुढं बोलायची पद्धत नव्हती, आणि मी तर मुलखाची लाजरी.

मी उंबऱ्याला लावायला हळद कालवत होते. समोर मामंजींचं जुनं धोतर वाळत होतं. काय सुचलं कोण जाणे, पदर पुढं ओढला, उठले आणि हळदीचा पंजा त्या ओल्या धोतरावर दाबला. हळद आरपार उतरली. मग धोतर दोन्ही हातांनी ताणून धरलं.

मामंजींनी ओसरीवरून पाहिलं. उठून वळसा घातला, मागून पाहिलं. पुन्हा पुढं आले. अंगठा इकडून डावीकडं, तिकडून उजवीकडं.

"आगं, तुमी समद्या उलट्या अंगानं बसता की!" ते मोठ्यानं हसले. "डावा त्यो डावाच!"

आत्याबाईही बाहेर येऊन बघून गेल्या. परत चुलीपाशी बसल्या. मला वाटलं, संपलं. आता आमचा तंबू कायमचा बंद.

तेवढ्यात आतून आत्याबाईंचा आवाज आला, "डावा तर डावा. पर मोठीनं मुद्दाम डाव्या हातानं ठिवला आसंल तर? धाकटीवर यावं म्हणून? नजर बघितली का तिची?"

मामंजी बशी तोंडाशी नेता नेता थांबले.

"परत बघाया लागंल," ते म्हणाले. "समद्यांनी." मग माझ्याकडं न बघता, "आन सूनबाईला म्हणावं, त्येवढं धोतर धू."

दोनदा धुतलं. पंजा काही गेला नाही. दिवस कलल्यावर मामंजी तेच नेसून तंबूकडं जायला बैलगाडी जुंपायला उठले.