बेबीताईने समासात लिहिलेलं

बेबीताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी विद्यापीठाच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसले होते. समुद्राची पातळी वाढली तर जगभरातल्या सखल किनाऱ्यांवरच्या गावांचं काय करायचं, यावर दोन दिवसांची चर्चा चालली होती. व्यासपीठावर एक परदेशी प्राध्यापक नकाशे दाखवत होते आणि त्यांच्यानंतर माझी पाळी होती. हातातला फोन थरथरला. बेबीताईच्या मुलीचा, वैशालीचा मेसेज होता. 'आई गेली. सकाळी सहाला. अजून पनवेललाच आहोत.' मी तो दोनदा वाचला... आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं. मी उठले आणि बोलले. पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावाविषयी बोलले, तिथल्या घरोघरच्या माहितीचे तक्ते दाखवले. ती माहिती दारोदार बसून ज्या बाईने गोळा केली होती ती आज सकाळी गेली, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला आता सहा आठवडे झाले. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता लिहिते आहे.

बेबी म्हात्रे हे नाव वाचकांच्या कानावर असण्याचं काही कारण नाही. आमच्या अहवालांत ते कुठेच नाही. शेवटच्या पानावर 'स्थानिक सहकार्य' असे दोन शब्द आहेत, त्यात ती येते. मी रोह्याची, म्हणजे कुंडलिका नदीचा पूल ओलांडून पलीकडे, अष्टमीची. वडील कुवेतला होते, मी मराठी शाळेत शिकले आणि पुढे पीएच.डी.साठी खारजमिनीचा विषय घेतला. धरमतर खाडीच्या काठाने मातीचे लांबच लांब बांध आहेत. त्यांच्या एका अंगाला भरतीचं खारं पाणी आणि दुसऱ्या अंगाला भातशेती. बांधाला खांड पडली की पाणी शेतात शिरतं आणि मग ती जमीन कित्येक वर्षं पिकत नाही. हे सगळं पुस्तकांत वाचून मी पहिल्यांदा त्या गावात गेले तेव्हा तीन घरांनी मला दारातूनच परत पाठवलं. चौथ्या घराच्या ओटीवर एक उंच, सावळी बाई जाळं दुरुस्त करत बसली होती. तिने विचारलं, "कोनाची गो तू?" मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. तिने जाळं बाजूला ठेवलं आणि ती म्हणाली की चहा झाल्यावर ती माझ्याबरोबर येईल, पण लोक जे सांगतील ते पुन्हा गावात येऊन सांगावं लागेल. मी हो म्हटलं. तेव्हा ते फार सोपं वाटलं होतं.

ती नववीपर्यंत शिकलेली. नवरा धरमतरला मालवाहू बार्जवर होता, तो लवकर गेला. पदरात एक मुलगी. पूर्वी कधीतरी तिने साक्षरतेचे वर्ग घेतले होते आणि गावातला कोणताही अर्ज तिच्याच हातून लिहिला जायचा, कारण तिचं अक्षर सुरेख होतं. मी तिला फॉर्म कसा भरायचा ते शिकवलं. प्रश्न वाचायचा, दिलेल्या चौकटींपैकी एकीत खूण करायची. ती खूण करायची, पण तेवढ्यावर थांबायची नाही. समोरचं माणूस जे बोललं ते बाजूच्या समासात बारीक अक्षरात लिहून ठेवायची. पिण्याचं पाणी किती लांबून आणता, या प्रश्नापुढे तिने एका घरी लिहिलं होतं, 'अंतर रोज सारखं नाही. भरती असली की चिखलातून फिरून जावं लागतं. सून गरोदर आहे, म्हणून सध्या सासू जाते.' मी तिला एकदा म्हटलं, एवढं लिहायची गरज नाही. तिचं म्हणणं असं की माणूस एवढं बोललं आणि आपण एक फुली मारून उठलो, तर ते बरं दिसत नाही. माझ्या प्रबंधातली जी पानं परीक्षकांना आवडली, ती त्या समासातल्या ओळींवरच लिहिलेली होती. म्हणजे त्यांची किंमत मला ठाऊक नव्हती असं मला म्हणता येणार नाही.

तुलनेसाठी आम्ही आतल्या भागातली काही गावंही घेतली होती, म्हणून एकदा मी तिला कोलाडजवळच्या खांब गावी घेऊन गेले. भात निघालं होतं आणि शेतात वाल वर आला होता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला अंगणात बसवलं, विहिरीचं पाणी दिलं. बेबीताई ते पाणी दोन तांबे प्यायली आणि मग उठून बांधावर जाऊन बसली. बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून मी मागे गेले. तिने मूठभर माती हातात घेतली होती. लग्न होऊन ती गावात आली तेव्हा त्यांच्याकडेही भातामागून वाल व्हायचा, असं ती म्हणाली. त्या दिवशीचे सगळे फॉर्म मीच भरले.

प्रबंध झाला. नोकरी लागली. गावात येऊन सांगायचं राहिलं. आज जाऊ, पावसानंतर जाऊ, असं करत वर्षं गेली. मग एका परदेशी विद्यापीठाबरोबरचा मोठा प्रकल्प आला आणि मला पुन्हा तेच गाव आठवलं. ती रागावलेली असेल असं वाटलं होतं. रागावली नाही. या वेळी तरी लोकांना सांगायचं, एवढं कबूल करून घेतलं आणि पिशवी उचलून निघाली. या फॉर्ममध्ये एक नवा प्रश्न होता. 'बांध वारंवार फुटत राहिल्यास आपलं कुटुंब गाव सोडून जाण्यास तयार आहे काय?' पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. तो प्रश्न तिला आवडला नव्हता. हे विचारायला जीभ उचलत नाही, असं तिने मला सांगितलं. मी म्हटलं, जगभरातल्या सगळ्या गावांना हाच प्रश्न आहे, आपल्याला बदलता येणार नाही. तिने तो घरोघर विचारला. बहुतेकांनी हो म्हटलं.

फॉर्म मुंबईला आले. माहिती संगणकात भरायला बसवलेल्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, बाजूला हाताने लिहिलंय त्याचं काय करू?" तिच्यासमोरच्या पडद्यावर त्याला जागाच नव्हती. मुदत चार दिवसांवर आली होती. मी म्हटलं, "ते राहू दे. फक्त खूण बघ."

हे वाक्य माझं आहे. त्याची जबाबदारी दुसऱ्या कुणावर नाही.

अहवालातल्या नकाशावर ते गाव लाल रंगात आलं. अर्थ असा, की इथले बहुसंख्य लोक स्थलांतराला राजी आहेत, म्हणून बांध राखण्यापेक्षा पुनर्वसन अधिक व्यवहार्य. तो अहवाल पुढे ठेवून पेणमध्ये जाहीर चर्चा ठरली. चर्चा गावातच व्हावी असं मी सुचवलं होतं, पण पाहुण्यांच्या गाड्या तिथपर्यंत जाणार नव्हत्या. गावातले पंधरा-वीस जण टेम्पोने आले आणि मागच्या खुर्च्यांवर बसले. व्यासपीठावर बराच वेळ जगाबद्दल बोलणं झालं, बुडणाऱ्या बेटांबद्दल, नद्यांच्या मुखांबद्दल. एका वक्त्याने गरीब माणसाच्या तगून राहण्याच्या क्षमतेचं कौतुक केलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा बेबीताई उभी राहिली. तिच्या हातात मराठी सारांशाचा कागद होता.

"ह्यातले सगले सवाल मीच विचारलेत," ती म्हणाली. "लोक व्हय बोलले ते खरं हाय. पन त्याच्या पुढं पन ते बोलले होते. मी लिवलं होतं. ते कुठं गेलं?"

अध्यक्षांनी मुद्दा फार महत्त्वाचा असल्याचं सांगितलं, त्याची नोंद घेतली आणि चहासाठी विश्रांती जाहीर केली. ती व्यासपीठाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

बाहेर, पायऱ्यांवर, ती माझी वाट बघत उभी होती. "तू सोडलंस का दुसऱ्या कुनी?" तिने विचारलं. मी सांगितलं, मी. ती भांडली असती तर बरं झालं असतं. "मंग मना लोकांना सांगाया लागल," एवढंच म्हणाली आणि टेम्पोत जाऊन बसली. आणि तिने खरोखर सांगितलं. ज्या ज्या घरात तो प्रश्न विचारला होता तिथे ती पुन्हा गेली आणि तुमचं अर्धंच बोलणं पुढे पोचलं, असं सांगून आली. वैशालीकडून मला नंतर कळलं की ती कुठेही माझं नाव घेत नव्हती. आमच्याकडून राहिलं, असं म्हणायची.

लोकांनी ते ऐकून घेतलं नाही. पुढच्या वर्षी बांधाच्या दुरुस्तीचा अर्ज घेऊन गावकरी एका कार्यालयात गेले, तेव्हा तिथल्या साहेबांनी आमचाच अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. तुम्हीच तर जायला तयार आहात, मग बांध कशाला? त्या दिवसापासून गावात तिच्याशी बोलणं बंद झालं. तूच गाव विकलंस, असं एकाने तिला तोंडावर म्हटलं. लग्नकार्याचं बोलावणं येईना. जिच्याकडे साऱ्या गावाचे अर्ज यायचे, तिच्या ओटीवर कुणी चढेना. मी परदेशी सहकाऱ्यांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे बदलता येत नाहीत, पुढच्या टप्प्यात नक्की विचार करू. बेबीताईला मी ते वाचून दाखवलं. मूळ कागद तरी अजून आहेत ना, असं तिने विचारलं. आहेत म्हटल्यावर, ते घेऊन आपण दोघी त्या साहेबांकडे जाऊ या, असं ठरलं. माझ्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा होत्या, पेपर तपासणी होती. ते जाणं लांबत गेलं.

या पावसाळ्यात मोठ्या उधाणाला बांधाला खांड पडली. सरकारची वाट बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून ओहोटीला गाव स्वतःच ती बुजवायला उतरलं. बेबीताईही गेली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी परत जा असंही म्हटलं नाही. गुडघ्याएवढ्या पाण्यात रांग करून बायका चिखलाची ढेकळं हातोहात पुढे देत होत्या, त्या रांगेत ती दोन दिवस उभी होती. शिंपांनी तिची पावलं कापली होती. मग ताप आला. अंगावर काढला, तापाची गोळी घेतली. त्या तापातच तिने मला फोन केला, परीक्षा संपल्या का विचारलं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात नक्की येते, कागद घेऊनच येते. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. वैशाली कंपनीतली शिफ्ट सोडून धावत आली. पेणहून पनवेलला नेलं तोपर्यंत मूत्रपिंडं थांबली होती. लेप्टो, पायाच्या जखमांतून घाण पाण्याचा संसर्ग, असं डॉक्टर म्हणाले. आणखी दोन दिवस ती होती, पण शुद्धीत नव्हती. बुजवलेली खांड त्यानंतरच्या उधाणाला पुन्हा वाहून गेली.

मागच्या रविवारी मी गेले. फॉर्मचा गठ्ठा बरोबर नेला होता, आता तो कुणाला दाखवायचा हे ठाऊक नसताना. गावात शिरताना डाव्या हाताला जिथे भात असायचं तिथे नुसतं पाणी होतं, त्यात वाकलेले विजेचे खांब. वैशालीने दार उघडलं. आम्ही दोघी ओटीवर बसून एकेक कागद उलटत राहिलो. आईचं अक्षर दिसलं की ती त्यावरून बोट फिरवायची. थोड्या वेळाने समोरच्या घरातून अनसूयाआजी आल्या, काठी टेकत. त्या या ओटीवर दोन वर्षांनी चढत होत्या, हे वैशालीने मला नंतर सांगितलं. त्यांनी स्वतःचा कागद काढायला लावला. मी वाचला. खूण 'हो'वर होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'हे रागाने म्हणाल्या. बांध बांधून दिला तर मी कशाला जाऊ, असं म्हणाल्या. नंतर रडल्या.'

आजींनी तो कागद हातात घेतला. मग म्हणाल्या, "व्हय. असंच बोलले होते मी." आणि आपलं म्हणणं पुन्हा लिहून घ्यायला मला नवा कागद काढायला सांगितला. मी कागद काढला, त्यांचं नाव लिहायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"पयलं तुझं लिव," त्या म्हणाल्या. "बेबी पयलं आपलं नाव सांगायची. कोनाची, कुठली, कशाला आली. मंग आमचं विचारायची."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तिला फॉर्म देत होते आणि ती दारात बसल्यावर पहिलं काय बोलते, हे मी कधी थांबून ऐकलं नव्हतं. मी कागदावर माझं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, अष्टमी लिहिलं. कशाला आली, यापुढे मात्र पेन थांबलं. आजी काठीवर हनुवटी ठेवून बसून राहिल्या. त्यांना घाई नव्हती.