अंजनीला सावली लागते

बारा एप्रिल, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. पुण्यात प्रयोगशाळेकडे निघताना आतेभाऊ नीलेशदादाचा फोन आला : “आई गेली.” मी काशीदजवळच्या वाडीत पोहोचेपर्यंत मालूआत्या सगळ्यांच्या तोंडी ‘निसर्गप्रेमी’ झाली होती. हेच लोक तिला हसत, या अंजनीच्या झुडपांना काय नारळ लागणार आहेत...

अंजनी हे आपल्याच जंगलातले सदाहरित झुडूप. वाढ अतिशय मंद, फांदीला बिलगून येणारी निळी फुले. एमएस्सीला असताना मी त्याच्या बिया पद्धतशीर वाळवून, चिठ्ठ्या लावून तिला दिल्या. एकही रुजली नाही. “वाल न्हाईत हे, सुकवून डब्यात भरायला,” आत्या म्हणाली. “एवढं शिकून बी मारलंस, बाय माझी.” मग तिने पिकलेली फळे चोळून गर काढला आणि ओल्या बिया त्याच दिवशी सुपारीच्या गर्द सावलीत, पाण्याच्या पाटाकडेच्या कुजलेल्या पाल्यात पेरल्या. सहा वर्षांत सतरा झुडपे गुडघ्याएवढी झाली.

तेराव्याच्या आदल्या दिवशी दादाने पुन्हा फोन केला. “अगो, आईच्या नावानं तिचीच झाडं लावतोय. चालेल ना?” माझा प्रयोग अर्ध्यावर होता. मी ‘हो’ म्हटले. कुठे, हे विचारले नाही.

समुद्राकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या कडेला, एप्रिलच्या उन्हात, मुळे तोडून रांगेत उभी केलेली ती झुडपे मी दुसऱ्या दिवशी पाहिली. शेजारी तिच्या नावाची पाटी. भाषणे झाली, फोटो निघाले. पाटी रस्त्यावरून दिसावी म्हणून एखाद्याचे सहा वर्षांचे काम जाळायचे आणि त्याला आदरांजली म्हणायचे, ही रीत मला सहन होत नाही.

“रोज पाणी घालेन की,” दादा म्हणाला. “झाडाला ऊन नको, हे कुणाला ठाऊक?”

“आत्याला होतं. तू तिच्याच घरात राहत होतास.”

तो कुदळ आणायला वळला. मला तर आत्याने हे शिकवलेले होते, आणि परवानगी मीच दिली होती...

नखाने साल खरवडून जी आतून हिरवी दिसली, ती आम्ही मातीसकट पाटाकडेला परत नेली, वर ओली गोणपाटे बांधली. दर रविवारी मी येते, मोजते. काल पाच होती असे दादा सांगत होता. आज सकाळची नोंद : सतरापैकी जिवंत, तीन.