साडूंनी बुडवलेल्या बोटी

आमच्या साडूंनी जितक्या बोटी बुडवल्या तितक्या दोन महायुद्धांत मिळून कुणी बुडवल्या नसतील. त्यांनी त्या आमच्या दिवाणखान्यात बुडवल्या, गणपतीच्या पंगतीत बुडवल्या, एका बारशाला बाळ पाळण्यात घालायच्या ऐन क्षणी एक बुडवली. एकदा वेलिंग्टनच्या विमानतळावर, माझ्या विमानाची शेवटची सूचना चालू असताना, सामानाच्या ढकलगाडीला टेकून त्यांनी एक मालवाहू बोट इतकी सावकाश बुडवली की बोटीआधी माझंच विमान गेलं. हात पसरून वाऱ्याचा जोर दाखवायचा, गुडघे वाकवून बोट कलती करायची, आणि ऐकणाऱ्याच्या दंडाला धरून म्हणायचं, "अहो, किनारा दिसत होता! दिसत होता हो किनारा!" त्यांनी धरलेला दंड पुढे दोन दिवस दुखतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या, नीलाच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पुण्याचे, म्हणजे मोठं पाणी पाहिलेलं ते खडकवासल्याचं. इथे एका सरकारी खात्यात ते सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. दुसऱ्यानं उभं केलेलं काहीही कुठे कोसळेल हे शोधून काढण्याचा त्यांना पगार मिळतो. मी ग्रंथालयात काम करतो. आवाज न करणं हा माझा पेशा. त्यामुळे इतकी वर्षं त्यांनी बोलायचं आणि मी ऐकायचं अशी आमची वाटणी आहे, आणि ती दोघांनाही मानवली आहे. नीला गेल्यावर तिच्या अस्थींचा कलश माझ्या पुस्तकांच्या कपाटात दीड वर्ष राहिला तो या साडूंमुळेच. पण ते कळायला आधी साडू कळायला हवेत.

त्यांना कुठलीही बोट चालत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावरचीच लागते. "त्याआधीच्या बोटी वाऱ्यानं बुडायच्या," ते सांगतात, आणि चष्म्याआड डोळे चमकायला लागतात. "आताच्या बोटींवर संगणक आहेत, म्हणजे ते माझं ऑफिसचंच काम झालं. पण मधल्या काळातली बोट बघा! पोलादी. रेडिओ आहे. रडारसुद्धा आहे कुठे कुठे. सगळं आहे! आणि तरी बुडते. का? कारण कुणीतरी म्हणालं, होईल सगळं नीट." आता हे वाक्य न्यूझीलंडमध्ये जवळजवळ राष्ट्रगीताच्या मानाचं आहे. नळ गळत असो नाहीतर भूकंपानं भिंत तडकलेली असो, इथला माणूस 'शी विल बी राइट' म्हणतो आणि चहा प्यायला जातो. साडूंकडे आलेला प्लंबर एकदा हे म्हणाला. साडूंनी त्याला खुर्चीत बसवलं आणि एक अख्खी प्रवासी बोट, कप्तानापासून खलाशापर्यंत, त्याच्यासमोर तळाला नेली. प्लंबर उठला, त्यानं नळ परत उघडला आणि वॉशर बदलला.

साठच्या दशकात इथे बंदराच्या तोंडाशी एक मोठी फेरी बोट वादळात खडकाला लागून कलंडली होती, गाव समोर दिसत असताना. ती साडूंची लाडकी. वेलिंग्टनमधल्या मराठी माणसाला ती ठाऊक नसेल तर तो साडूंच्या घरी अजून जेवायला गेलेला नाही. गाड्या ठेवायच्या मजल्यावर थोडंसं पाणी साचलं की एवढी थोरली बोट कशी आडवी होते, हे दाखवायला त्यांना थाळीत कढी लागते. "हे बघा, वाटीत कढी आहे, वाटी कलली, काही नाही. आता तीच कढी थाळीत! पाणी तेवढंच, पण आता त्याला पळायला जागा आहे! इकडे कललं, सगळं इकडे धावलं, आणि..." एका दिवाळीला ती कढी धावत धावत एका नव्या लग्न झालेल्या मुलीच्या पैठणीवर पोचली. साडूंची लेक टेबलाच्या टोकावरून म्हणाली, "बाबा, नॉट अगेन!" आणि ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, बोट बुडाली असेल तर थाळी आणून ठेवा इकडे!" नीला मात्र पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. साडूंच्या बोटींना एवढं दिलखुलास हसणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि गंमत म्हणजे, त्यांना त्याचा कधी राग आला नाही. उलट ती नसली की बोट लवकर बुडायची.

भारतातून कुणी पाहुणे आले की लोक त्यांना डोंगर दाखवतात, मेंढ्या दाखवतात. साडू किनाऱ्यावर जपून ठेवलेला त्या बोटीचा नांगर दाखवतात. आमच्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना नऊवारीवर दोन स्वेटर आणि पायांत लेकीचे बूट घालून, दक्षिणेकडचा बर्फाळ वारा अंगावर घेत त्या नांगराजवळ उभं राहावं लागलं. बराच वेळ सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "जावईबापू, ती माणसं कशानं गेली ते समजलं. आता आपण कशानं जाणार तेवढं सांगा, म्हणजे गाडीत जाऊन बसते."

एवढं सगळं असून साडू जन्मात कधी बोटीत बसले नव्हते. पोहण्याच्या तलावात ते टॉग्ज, म्हणजे इथला पोहण्याचा पोशाख, घालून, टोपी घालून, गुडघाभर पाण्यात उभे राहत आणि पाण्याकडे संशयानं बघत. दक्षिण बेटावर सहलीला जायचं झालं की बाकीचं घर गाडीसकट फेरीतून सामुद्रधुनी ओलांडत असे आणि साडू विमानानं पुढे जाऊन पलीकडच्या धक्क्यावर त्यांची वाट बघत. फेरी दिसली की असे हात हलवत, जणू सगळे परत मिळाले.

समुद्राशी त्यांचा प्रत्यक्ष व्यवहार एवढाच: नारळी पौर्णिमेला नारळ. आपल्याकडची पौर्णिमा इथल्या ऐन हिवाळ्यात येते. एका वर्षी भारतीय दुकानातून आणलेला नारळ घेऊन आम्ही चौघं बंदरावर गेलो. साडूंनी डोळे मिटून, बुडालेल्या सगळ्या बोटींचं स्मरण करून नारळ सोडला. पाच मिनिटांत कयाक वल्हवत एक गोरा तरुण हसतमुखानं आला. "हे मेट, यू ड्रॉप्ड धिस!" साडूंनी आभार मानले, तो दूर जाईपर्यंत थांबले आणि पुन्हा नारळ फेकला. या वेळी एका कुत्र्यानं उडी मारली. थंडगार पाण्यातून नारळ दातांत धरून त्यानं तो साडूंच्या पायांशी ठेवला आणि शेपटी हलवत पुढच्या फेकीची वाट बघू लागला. नीला हसून हसून फुटपाथवर बसली. "भाऊजी, समुद्राला नको आहे हो नारळ! किती आग्रह कराल?" शेवटी ताईंनी त्याचा नारळीभात केला. साडू जेवताना गंभीर होते. समुद्रानं परत पाठवलेला नारळ हा शकुन की अपशकुन, हे त्यांना ठरवता येईना.

हे वेड आलं कुठून, हे मी त्यांना एकदाच विचारलं. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी भर पावसाळ्यात मुंबईहून रेवसला निघालेली एक बोट बुडाली, हे कोकणात अजूनही घरोघर सांगतात. साडूंच्या घरी लहानपणापासून ऐकवलं जाई की आजोबा त्याच बोटीनं जाणार होते, पण छत्री विसरली म्हणून परत फिरले आणि वाचले. मोठेपणी साडूंनी आपल्या स्वभावाप्रमाणे चौकशी केली. आजोबा त्या दिवशी नागपूरला होते. छत्रीसह. "आणि अहो, कुणालाही विचारा," साडू उत्साहानं म्हणाले, "प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी त्या बोटीला चुकलेलं असतं! एवढी माणसं चुकली असती तर बोट रिकामीच गेली असती." मग जरा थांबले. असं ते फार क्वचित थांबतात. "ज्यांची चुकली ते सगळे बोलले, साडू. ज्यांची चुकली नाही त्यांच्याबद्दल कोण बोलणार?"

तेव्हा मला ते वाक्य आवडलं होतं, एवढंच. त्याचा अर्थ नीला गेल्यावर कळला.

आजारपणात शेवटी शेवटी इस्पितळात आम्ही तिघं तिच्याजवळ होतो. ती म्हणाली, "मला किनाऱ्यावरून सोडू नका हं, नाहीतर नारळासारखी परत येईन. भर पाण्यात न्या. आणि भाऊजींना बोटीत घाला. ते आले नाहीत तर मीही जाणार नाही." साडूंचा चेहरा पांढरा पडला. "अगं, विमानातून नाही का चालणार?" त्यांनी विचारलं. नीला हसली. तिला हसताना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

ती गेल्यावर माणसं खूप आली. डबे आणले, हवेबद्दल बोलले, घरांच्या किमतींबद्दल बोलले. तिचं नाव आलं की चपापून चहाचा कप उचलत. साडू आले, समोर बसले आणि म्हणाले, "सांगा." त्यांनी सगळं विचारलं. सकाळी काय खाल्लं, खिडकी उघडी होती का, नर्स कोण होती, हात कुणाच्या हातात होता. मी बोलत गेलो. आयुष्यात एवढं बोललो नव्हतो. त्या दिवशी त्यांनी एकही बोट बुडवली नाही.

पण बोटीत बसायचं म्हटलं की गाडं अडे. अस्थी कुठे सोडायच्या हे त्यांनी लगेच शोधून काढलं. इथले मूळचे माओरी लोक ज्या पाण्यातून अन्न घेतात तिथे हे करू नये म्हणून जागा विचारून घ्यावी लागते, ती त्यांनी नीट विचारून घेतली. बोट मात्र एकही पास होईना. एकीचा रंग नवा होता, म्हणजे खाली काहीतरी लपवलं आहे. एकीचा रंग जुना होता. एकीचा कप्तान फार हसत होता. एक सर्व बाबतींत उत्तम निघाली, तर त्या दिवशी हवा इतकी चांगली होती की साडूंना तिच्यावर विश्वास ठेवता येईना. ऋतू गेले. कपाटात, कोशांच्या शेजारी, कलश तसाच. मी आग्रह करणारा माणूस नाही. रोज दिवा लावताना तिला एवढंच सांगे, आज नाही, भाऊजींना वारा पटला नाही.

शेवटी या मार्चमध्ये एका रविवारी जेवताना मी म्हणालो, "पुढच्या शनिवारी मी एकटा जाऊन येतो. तिचा शब्द मोडतोय, पण मला आता होत नाही." ताईंनी नवऱ्याकडे बघितलंही नाही. त्यांच्या पानात भात वाढला आणि आत गेल्या.

शनिवारी सकाळी दार वाजलं. साडू उभे होते, नारिंगी लाइफ जॅकेट घालून, पट्टे करकचून आवळलेले. मागे ताई. ते तसेच बसमधून आले होते. "ड्रायव्हरनं विचारलं, पूर येणार आहे का," ते म्हणाले. "चला, मन बदलायच्या आत चला."

बोट लहानशी होती. ती चालवणारी बाई आमच्याच वयाची, उन्हानं रापलेली. "किया ओरा," असा तिनं माओरीत नमस्कार केला आणि साडूंच्या जॅकेटकडे बघून हसली नाही, म्हणून ती पास झाली. साडूंनी तिला पंपापासून पेट्रोलपर्यंत सगळं विचारलं. तिनं एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं आणि 'शी विल बी राइट' एकदाही म्हणाली नाही. मग त्यांनी एक पाय बोटीत टाकला. दुसरा धक्क्यावर होता. बोट हळूहळू सरकू लागली आणि साडू लांब होऊ लागले. ताईंनी मागून त्यांना सरळ ढकललं आणि मागोमाग त्याही चढल्या.

बाहेरच्या पाण्यात इंजिन बंद झालं. बोट वरखाली होत होती. साडू दोन्ही हातांनी कठडा धरून, चेहरा हिरवट, कपाळावर घाम. मी कलश मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला झाकण उघडता येत नव्हतं. घट्ट बसलं होतं असं नाही.

त्या बाईनं हळूच विचारलं, "ही कोण होती?"

मी साडूंकडे बघितलं.

"आय विल टेल यू," साडू म्हणाले. आणि त्यांनी नीला सांगायला घेतली. ती इथे पहिल्यांदा उतरली तेव्हाची पातळ साडी, वारा बघून "हा वारा आहे की भांडण?" म्हणाली ते, डेअरीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, मुलाला तिनं 'कशी आहेस आजी' म्हणायला शिकवलं ते, तिचं ते पदर लावून हसणं. त्यांनी नेहमीच्या सवयीनं एक हात कठड्यावरून सोडला, मग दुसराही सोडला. ते उभे होते, बोट हलत होती आणि त्यांच्या ते लक्षातच नव्हतं. आवाज चढला होता, डोळे चमकत होते. ती बाई सुकाणूवर हात ठेवून ऐकत होती. ते ऐकता ऐकता मी झाकण उघडलं. ताईंनी माझ्या हाताखाली हात धरला. राख पाण्यावर क्षणभर पसरली, तिचा एक फिका पट्टा झाला आणि बघता बघता तो लांब गेला.

साडू बोलायचे थांबले. बाईनं इंजिन चालू करायला हात पुढे केला, तर साडू म्हणाले, "थोडा वेळ थांबता येईल?" तिनं मान हलवली. आम्ही तसेच पाण्यावर राहिलो. लांबवर टेकड्यांवरची घरं दिसत होती, त्यांतलं आमचं कुठलं ते ओळखू येत नव्हतं. ताई पाण्याकडे बघत होत्या. मला ती शांतता सोसेना. जन्मभर शांत राहण्याचीच नोकरी केलेल्या मला.

"साडू," मी म्हणालो, "सांगा ना एखादी बोट."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कपाळ पुसलं आणि माझ्या दंडावर हात ठेवला. या खेपेला त्यांनी तो आवळला नाही.

"आज नको," ते म्हणाले. "आज सगळ्या पोचू देत."