कारण लिहा, नाहीतर काढा

…आणि आटपाडीचा फोन खाली ठेवत जवाहर एवढंच म्हणाला, की सोमवारपासनं भरतेशला यायला नको म्हणून सांगा. काल इथपर्यंत आलो होतो आणि आतून जेवायची हाक आली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडा मागं जातो. मला कुठं घाई आहे?

कुपवाडला आमच्या थोरल्यानं घर बांधलं, त्याच्या खालच्या मजल्यावर जवाहर चौगुल्यांचा कारखाना भाड्यानं आहे. कारखाना म्हणजे चार टेबलं आणि आठ-दहा माणसं. विहिरीवरच्या, बोअरवरच्या मोटारींना लागतात ते ऑटो स्टार्टर इथं बनतात. शेतात लाईट आली की ही पेटी आपोआप मोटार चालू करते, माणसानं पळत जायला नको. पेटीत नखाएवढी चिप असते आणि तिनं काय करायचं ते सी नावाच्या भाषेत लिहून आत घालावं लागतं. ते लिहिणाऱ्यांत सगळ्यात जुनी चंदना मगदूम. माझी खुर्ची तिच्या खिडकीबाहेर. मी माण तालुक्यातला, गावच्या शाळेत सातवी झालेला. पण सहा वर्षं त्या खिडकीबाहेर बसून मला सीमधलं एवढं नक्की कळायला लागलंय, की ते वाचताना चंदना रागावलेली असते.

चंदना समडोळीची. वडील ऊसवाले, जैन घरातले, दिवस मावळायच्या आत जेवणारे. पोरीनं सांगलीत डिप्लोमा केला आणि विशीतच इथं लागली. आता छत्तीशीत आहे. मुलगी सहावीला आहे, नवरा मिरजेत औषधाच्या दुकानात बसतो. घरात म्हणे ती कधी आवाज चढवत नाही. नवऱ्यानंच एकदा मला सांगितलं. मी म्हणालो, "जावईबापू, सगळा इथं संपवून येत असंल."

राग तरी कशाचा? दुसऱ्यांच्या लिहिण्याचा. भरतेश आवटी तिच्या शेजारच्या टेबलावर. दोन पोरांचा बाप, हुशार, दोघांचं काम एकटा उरकणारा, पण त्याचं लिहिणं म्हणजे लग्नघरातलं सामान. सीमध्ये प्रत्येक आकडा साठवायच्या जागेला नाव द्यावं लागतं. भरतेशनं एका जागेला नाव दिलं होतं 'बघू'. दुसरीला 'बघू दोन'. चंदनानं विचारलं, यात काय ठेवलंस? त्याला स्वतःलाच आठवेना. तिनं डोक्याला हात लावला, आणि तो म्हणतो कसा, "ताई, तवा बघू म्हणलो हुतो, बघायचं राहिलं."

आणखी एक गंमत मला लय आवडते. सीमध्ये तिरपी रेघ आणि चांदणी अशी खूण करायची, पुढं मनात येईल ते लिहायचं, मग चांदणी आणि तिरपी रेघ. मधलं काही मशीन वाचतच नाही. त्याला हे लोक कॉमेंट म्हणतात. मी विचारलं, मशीन वाचत नाही तर लिहायचं कशाला? ती म्हणाली, आबा, पुढच्या वर्षी या खुर्चीवर जो बसेल त्याच्यासाठी. मला ते लगेच पटलं. आमच्या लग्नाचे फोटो आहेत घरात, मागं कुणी नावं लिहिली नाहीत. आता निम्मी माणसं कोण ते सांगायला मी एकटा उरलोय, आणि मी सांगतो त्यातलं निम्मं आमची बायको खोडून काढते.

पण लोक कॉमेंटमध्ये लिहितात काय? ओळ म्हणते, आकडा एकानं वाढव. शेजारी कॉमेंट, 'आकडा एकानं वाढवला.' चंदना म्हणते हे कॉलेजचं दुखणं. प्रॅक्टिकलच्या वहीत कॉमेंट असली की दोन मार्क, मग पोरं जे दिसतंय तेच शब्दांत लिहून मोकळी होतात. मोटार थांबवली, हे मला दिसतंय. का थांबवली ते सांग की. एका जागी तर नुसतं होतं, 'हे चालतंय. हात लावू नये.' लिहिणारा पाच वर्षांमागं पुण्याला गेला. चंदना त्या ओळीजवळ आली की अजून ओठ आवळते.

शेवटी तिनं भिंतीवर नियम लावले, स्वतःच्या हातानं मराठीत लिहून. नावावरनं काम कळलं पाहिजे. एका फंक्शननं, म्हणजे लिहिण्यातल्या एका तुकड्यानं, एकच काम करावं. दुसऱ्यानं वाचल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही. आणि खाली लाल पेननं, उघडा आकडा दिसला तर कारण लिहा, नाहीतर काढा. उघडा आकडा म्हणजे ज्याचा ठावठिकाणा कुणी सांगितलेला नाही असा. कुणीतरी पेन्सिलनं त्याखाली लिहिलं, 'चपला बाहेर काढा.' आम्हाला वाटलं आता कागद फाटतोय. तिनं पेन घेतलं आणि पुढं लिहिलं, 'कारण: धूळ.'

आता मूळ गोष्ट. आटपाडीच्या अलीकडच्या एका गावातले बावीस स्टार्टर चैत्रात एकदम दुरुस्तीला आले. शेतकऱ्यांची तक्रार होती की लाईट आल्यावर मोटार लवकर उचलत नाही. कुणाची दहा सेकंदांत, कुणाची दोन मिनिटं होत आली तरी गप्प. जवाहरनं काम भरतेशला दिलं. भरतेशला जुन्या लिहिण्यात एक ओळ सापडली. पेटीचा नंबर घ्यायचा, त्याला आठानं भागायचं, बाकी राहील तिला पंधरानं गुणायचं, त्यात दहा मिळवायचे, आणि तेवढे सेकंद थांबून मोटार चालू करायची. शेजारी कॉमेंट होती: 'नंबरला आठने भागून बाकी गुणिले पंधरा अधिक दहा.' म्हणजे ओळीत जे आहे तेच.

भरतेशनं चंदनाला विचारलं, हे आठ कुठले आणि पंधरा कुठले? तिनं मान वर न करता सांगितलं, भिंत वाच. त्यानं जवाहरला विचारलं, तो म्हणाला मला काय कळतंय त्यातलं. भरतेश परत चंदनाकडं आला. त्या दिवशी तिनं त्याचे कागद तीनदा माघारी दिले होते, एकदा नावांसाठी, एकदा कंस एकाखाली एक नाहीत म्हणून, एकदा ओळी वाकड्यातिकड्या म्हणून. ती वैतागली होती. म्हणाली, कारण माहीत नसेल तर काढून टाक ना, किती वेळा विचारशील. त्यानं काढलं. सगळ्यांना सारखे दहा सेकंद. चौथ्यांदा कागद तिच्यापुढं ठेवला तेव्हा तिनं सही केली, आणि मला खिडकीतून म्हणाली, "आबा, आज पहिल्यांदा याचं लिहिणं माणसाला वाचता आलं."

पेट्या गावाला गेल्या. आठ दिवसांत तिथली डीपी, म्हणजे ज्या ट्रान्सफॉर्मरवरनं त्या सगळ्या मोटारींना लाईट जाते तो, दोनदा जळाली. डाळिंबाला फूल लागलेलं, अशा वेळी आठ दिवस पाणी तुटलं तर वर्ष गेलं. गावातनं फोन आला तो असा आला, की जवाहरला कानापासनं लांब धरायला लागला. आणि मग तो म्हणाला, सोमवारपासनं भरतेशला यायला नको.

आता चंदना त्याच्या बाजूनं बोलेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. ती जवाहरला म्हणाली, मी सांगून सांगून थकले अण्णा, तुम्हाला काय करायचं ते करा. भरतेश तिथंच उभा होता. त्यानं वायरचं भेंडोळं जाग्यावर ठेवलं, पेन्सिलीच्या डब्यातलं आपलं टेस्टर काढून खिशात घातलं आणि चहाला गेला.

शनिवारी चंदना आटपाडीकडच्या त्या गावाला निघाली. त्या गावात माझा साडू, जोतीराम. म्हणून मीही गाडीत बसलो. वाटेत मी तिला आमच्या साडवाच्या बैलाची गोष्ट सांगत होतो, ती ऐकत नव्हती. विट्याच्या पुढं ती एकदाच बोलली: पेटीतल्या बोर्डात पाणी गेलं असेल, नाहीतर भरतेशनं रिलेच्या स्विचात गोंधळ घातला असेल.

जोतीराम आम्हाला डीपीपाशी घेऊन गेला. तिसऱ्यांदा जळू नये म्हणून गावानं पेट्या बंद ठेवलेल्या आणि लाईट आली की एकेकजण हातानं मोटार चालू करत होता, एकमेकांना फोन लावून. तू झालास का, मग मी करतो, असं. आम्ही गेलो तेव्हा दहाची लाईट आलेली आणि हेच चाललेलं. चंदना बघत राहिली. तिनं विचारलं, पेट्या दुरुस्तीला यायच्या आधी असा त्रास कधी झाला होता का?

"न्हाई बा," जोतीराम म्हणाला. "पयलं लाईट आली की हिकडनं एक, तिकडनं एक, आशा टप्प्यानं उचलायच्या. आमाला वाटायचं मशीनच आळशी हाय. आता बावीसच्या बावीस एका दमात उठत्यात. डीपी तरी किती सोसंल, ताई?"

मी चंदनाकडं बघितलं. ती पेट्यांवरचे नंबर वाचत विहिरीविहिरीनं चालायला लागली. पुढचा तासभर ती नुसती बोटांवर आठाच्या बाक्या मोजत होती. आठ बाक्या, पंधरा-पंधरा सेकंदांचं अंतर, म्हणजे एका वेळी दोन-तीनच मोटारी उठणार. ज्यानं कुणी ती ओळ लिहिली त्याला ही डीपी डोळ्यांपुढं दिसत होती. जोतीरामच्या बायकोनं, शालूबाईनं, जेवायला वाढलं तर चंदनानं भाकरीही अर्धीच खाल्ली. मी मात्र दीड खाल्ली. रागावलेल्या माणसाच्या शेजारी बसून मला भूक फार लागते.

रविवारी कारखाना बंद असतो. चंदनानं आमच्याकडनं किल्ली नेली. कपाटात कॉम्प्युटरच्या जुन्या सीड्या होत्या, त्यांवर 'फायनल', 'फायनल दोन', 'खरी फायनल' अशी लेबलं. ती एकेक उघडत होती आणि मी चहा घेऊन गेलो तर म्हणाली, ही लेबलं लिहिणाऱ्याला एकदा भेटायचंय मला. ज्यानं पंधरा लिहिलं आणि ते का, हे लिहिलं नाही, त्याला तर नक्कीच.

चहावर साय धरली तरी तिनं कप उचलला नाही. 'खरी फायनल' उघडली होती. त्या फाइलीच्या डोक्यावर तारीख होती, सोळा वर्षांपूर्वीची, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव, आडनावासकट. मला इंग्रजी अक्षरं लावता येतात. चंदना भूपाल मगदूम. माहेरी मगदूम, सासरी मगदूम, त्यामुळं मधलं भूपाल कोण, हे मला आधी कळलं नाही. मग ते तिच्या वडलांचं नाव हे आठवलं, म्हणजे लग्नाआधीच्या चंदनानंच ती ओळ लिहिली होती.

मग तिनंच सांगितलं. पहिलंच वर्ष होतं. समडोळीतच वडलांच्या मळ्यावर पेट्या लावून बघितल्या होत्या, तिथल्या डीपीचे फ्यूज उडाले, म्हणून तिनं हा हिशोब बसवला होता. भूपालआप्पा बांधावर बसून घड्याळात बघत तिला सेकंद सांगत होते. एवढं सगळं झालं, आणि कॉमेंटमध्ये तिनं लिहिलं काय, तर आठने भागून बाकी गुणिले पंधरा. कारण डिप्लोमा नुकताच झालेला, आणि कॉमेंट असली की दोन मार्क. पुढं वडील गेले, ती गोष्टही गेली. मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, आबा, आज नको.

सोमवारी भरतेश आलाच नाही. जवाहर आला तो हातात कागद घेऊन. गावाला पाठवायचं पत्र होतं. ज्या कामगाराच्या चुकीनं नुकसान झालं त्याला कामावरून कमी केलंय, असं लिहिलेलं, आणि ते पेट्यांचं काम तपासणारी म्हणून चंदनाची सही पाहिजे होती. चंदनानं शनिवारी काय बघितलं आणि रविवारी काय सापडलं ते त्याला उभ्याउभ्याच सांगितलं. जवाहर तसा वाईट माणूस नव्हे. तो गोंधळला. म्हणाला, सोळा वर्षांपूर्वीचं कोण धरून बसलंय? ओळ तर भरतेशनंच काढली की नाही? तुझं नाव पत्रात आलं तर गावात काय संदेश जाईल, याचा विचार कर. पत्र तयार आहे, पोरगं गेलंच आहे, सही कर आणि नवीन माणूस बघू. दारातच उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. मग त्यानं सरळच विचारलं, की आता भरतेशचं काय करायचं ते तूच सांग.

चंदना कीबोर्डवरनं हात न काढता म्हणाली,

"अण्णा, त्यानं मला दोनदा विचारलं आणि मी माझं स्वतःचं लिहिणं ओळखलं नाही. सही केली ती पण मीच. पत्र पाठवायचं तर नाव माझं घाला, नाहीतर पाठवू नका. त्याच्या जागी दुसरा आणलात तर तो पण ओळी काढूनच टाकणार, असल्या चारशे ओळी आहेत अजून कपाटात, सगळ्या माझ्याच. त्या निस्तरायला मला भरतेश पाहिजे, कारण हे आठ कुठले म्हणून विचारणारा एवढ्या वर्षांत तो एकटाच निघाला. मी त्याला फोन केलाय, येतोय तो, उशीर झाला म्हणून बोलू नका. आणि आता आत तरी या, नाहीतर दार ओढून घ्या, माझे कागद उडाय लागलेत."