नवस मोडून दिलेली परीक्षा

तारीख आपली आपण निवडायची, हाच त्या परीक्षेतला सगळ्यात मोठा घोळ. सरकारने एकच दिवस ठरवून दिला असता, 'या दिवशी या, नाहीतर घरी बसा' म्हटलं असतं, तर माझी भाची ग्लोरिमार मुकाट्याने गेली असती आणि आज कुठल्यातरी इस्पितळात पांढरा कोट घालून हिंडली असती. पण डॉक्टरकीची ही प्रवेश परीक्षा जानेवारीत होते, वसंतात होते, उन्हाळाभर होते, थेट सप्टेंबरपर्यंत. वर एकदा पडलेले मार्क पुसता येत नाहीत. पुढे कितीही चांगली दिली तरी आधीचा नाकर्तेपणा कॉलेजवाल्यांना दिसतोच. झालं! आमची पोर मुळातच घाबरट. पूर्ण तयारी झाल्याशिवाय बसायचं नाही, हे तिने डोक्यात घेतलं ते घेतलंच.

आमच्या बेटाच्या मधोमध, उतुआदोच्या डोंगरात, आम्ही दोघी बहिणी शेजारी शेजारी राहतो, मी आणि नेरेइदा. ग्लोरिमार नेरेइदाची एकुलती एक. शिकली, पदवी घेतली, आणि मार्क जमेपर्यंत म्हणून गावातल्या प्रयोगशाळेत रक्त काढायच्या नोकरीला लागली. हात असा हलका की म्हातारी माणसं दुसऱ्या कुणाला सुई लावू देत नसत. "पोरी, तू डॉक्टर झालीस की मी मरायचं पुढे ढकलेन," असं शेजारचे मोन्चो काका म्हणायचे. ती हसायची आणि तारखा बघत बसायची.

पहिल्यांदा तिने जानेवारी धरला. तेव्हाच मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे नाताळ जानेवारीच्या मध्यापर्यंत आवरत नाही, आणि नेरेइदाच्या घरी तर गोठ्यातल्या देवबाळाला भेटायला आलेल्या तीन राजांचा नवस, त्यांचा सण सहा जानेवारीला! ग्लोरिमार सातव्या महिन्यात जन्मली, मूठभर जीव, काचेच्या पेटीत ठेवलेली. तेव्हा माझ्या बहिणीने राजांना शब्द दिला: पोर वाचली तर जिवंत असेपर्यंत दर वर्षी राजांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी जपमाळ गाईन, आणि दारात येईल त्याला जेवू घालीन. पोर वाचली. तेव्हापासून अख्खी वाडी त्या घरात. तुरीचा भात, डुकराचं भाजकं मांस, केळीच्या पानात बांधलेली पास्तेलं, अंगणात गिटार आणि ढोल. आणि सण सरला तरी लोक आठवडाभर गाणी म्हणत दारात येतातच. दार उघडलं नाही तर अपमान.

"ग्लोरी, तू माझ्याकडे येऊन अभ्यास कर," मी म्हटलं.

"मावशी, नवस माझ्याच नावाचा. मी नसले तर लोक काय म्हणतील?"

शेवटी पोरगी फणसाच्या झाडाखाली उभ्या गाडीत पुस्तक घेऊन बसली. तिथेही मोन्चो काकांनी काच वाजवली. "अगं, बाहेर ये! राजे आलेत, पुस्तक कुठं पळून जातंय?" ती बाहेर आली, नाचली, आणि दुसऱ्या दिवशी तारीख पुढे ढकलली. थेट सप्टेंबर.

"सप्टेंबर? अगं बये, सप्टेंबरात या बेटावर कुणी शहाणा माणूस कपडेसुद्धा वाळत घालत नाही! वादळाचा महिना तो."

"वादळ काय दर वर्षी येतं, मावशी? उन्हाळाभर शांतपणे वाचता येईल."

आणि खरं सांगते, वाचलं तिने. सगळी परीक्षा इंग्रजीत, त्यात पानंच्या पानं उतारे. पहाटे उठून मोठ्याने वाचायची. ऑगस्ट संपता संपता घरच्या सराव परीक्षेत तिला असे मार्क पडायला लागले की ती मलाच मिठी मारायची. इतकी तयार ती ना आधी कधी होती, ना नंतर.

परीक्षेच्या आठवड्यात वादळ आलं. आमच्या वाडीचा रस्ता दरीत गेला. राजधानीतलं, सान हुआनचं परीक्षा केंद्र बंद झालं, परीक्षा रद्द. फ्लोरिडात जागा देतो म्हणाले, पण विमानतळच बंद, जाणार कशी? पोहत? त्या वर्षीचा अर्ज बुडाला. कित्येक महिने वीज नव्हती. ग्लोरिमार माझ्या गाडीत फोन चार्ज करून त्यावर वाचायची. पण वाचता वाचता मधेच थांबायची आणि समोर बघत राहायची.

पुढची तारीख पुन्हा जानेवारीचीच. तेव्हा नेरेइदाने जे केलं ते आमच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. तिने नवस मोडला. राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी दार लावून घेतलं, खिडक्या बंद केल्या. लोक अंगणात येऊन गाऊ लागले, तशी दाराआडून म्हणाली, "माफ करा रे बाबांनो, यंदा नाही. पोरीची परीक्षा आहे." लोक ढोल, गिटार उचलून परत गेले. मला तर वाटलं घरात मयत झालीय.

"राजांना कळेल," नेरेइदा मला म्हणाली. "त्यांनीच वाचवलीय तिला, त्यांना कळणार नाही तर कुणाला?"

परीक्षेला मीच तिला गाडीने नेलं. संध्याकाळी ती बाहेर आली, गाडीत बसली, पट्टा लावला. घाट लागल्यावर मीच विचारलं,

"कशी गेली गं?"

"शेवटी संगणकाच्या पडद्यावर विचारतात, मावशी. पेपर तपासायचा की रद्द करायचा. रद्द केला तर कुणालाच कळत नाही."

"मग?"

"रद्द केला."

मी गाडी कडेला घेतली. तोंडात येईल ते बोलले. "अगं, आईने तुझ्यासाठी देवाशी बेइमानी केली आणि तू बोटाने पुसून आलीस? कमी पडले असते तर पडले असते! पेपर इतका वाईट गेला होता का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "तेच तर. खरंच माहीत नाही. एक उतारा वाचताना सारखं वाटत होतं की घरी दार बंद आहे. मग वाटलं, सप्टेंबरात होते तशी मी आज नाही. अजून थोडं थांबले असते तर..." आणि ती रडायला लागली. मग मी तिला जवळ घेतलं. पोर आहे शेवटी.

घरी पोचलो तर नेरेइदा अंगणातच उभी होती. ग्लोरिमार म्हणाली, "बरी गेली. निकाल महिन्याने."

तो महिना नेरेइदाने कसा काढला ते मी पाहिलंय. पोरीची परीक्षा बरी गेली म्हणून भेटेल त्याला सांगायची. आणि महिना संपल्यावर ग्लोरिमारने, खरं सांगायची छाती झाली नाही म्हणून, सांगितलं, "मार्क कमी पडले, आई."

नेरेइदा दुसऱ्या दिवशी सकाळी चपला काढून, डांबरी रस्त्याने, डोंगर उतरून अनवाणी चर्चला गेली, राजांची माफी मागायला. गुडघ्यांची दुखणेकरी बाई ती. परत आली तेव्हा पाय सोलले होते. खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "शब्द मी मोडला, आविल्दा, आणि भरलं माझ्या पोरीने. पोरीचं नशीब मीच जाळलं गं."

ग्लोरिमार कोमट पाण्याची परात घेऊन तिच्यासमोर खाली बसली होती. मी तिच्याकडे बघितलं. बोल, आता तरी बोल, या बाईच्या छातीवरचा धोंडा काढ. आईने पुन्हा तेच म्हटलं, "मीच जाळलं." पोरीने मान वर केली नाही. एकेक खडा चिमट्याने काढून जखम पुसत राहिली, इतक्या हलक्या हाताने की नेरेइदाला दुखलंसुद्धा नाही.