बोटवाली

आमच्या हिला शेडमध्ये सगळे ‘बोटवाली’ म्हणायचे. बावीस वर्षं हिनं बर्फातले मासे कापले. मग कारखान्यानं फेकायच्या कातड्या वेगळ्या ठेवायला सुरुवात केली, भाजलेल्या माणसांच्या जखमांवर लावायला. ‘माणसाला माशाची सालं गुंडाळणार?’ असं मी म्हणालो, तर बाई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

कातडी खरवडून, धुऊन हिच्यापुढे यायची. ही हातमोजे काढून आतल्या बाजूवरून बोट फिरवायची. ओल्या कातडीतला बारीक काटा डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. हिनं ‘हं’ म्हटलं की कातडी पुढे जायची, निर्जंतुक होऊन पाकिटात, तिथून हॉस्पिटलात. मुकादमसुद्धा हिला वचकून असायचा.

गेल्या वर्षी आमच्या लाँड्रीत वाफेची नळी सुटली आणि माझी पोटरी भाजली. हॉस्पिटलात ड्रेसिंगवाल्यानं पाकीट फोडलं, त्यावर हिच्याच शेडचा शिक्का. ही खाटेजवळ ताठ उभी, जसा काही हिचाच सत्कार चाललाय. कातडी लावल्यावर थंड वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी आत टोचायला लागलं. काय ते मला लगेच कळलं, आणि मी मूग गिळून बसलो. ही विचारायची, ‘कसं आहे?’ मी म्हणायचो, ‘बरं आहे.’ राग नाही, भीती नाही, मला काही वाटतच नव्हतं. नुसता छताकडे बघत पडायचो.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक बेकरीवाला आला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले. ट्रॉलीवर त्याच्यासाठी त्याच शिक्क्याची सहा पाकिटं ठेवली होती.

‘थांबा,’ मी ड्रेसिंगवाल्याला म्हणालो, ‘आधी माझी पट्टी सोडून बघा.’

चिमट्यात काटा आला. नखाएवढा.

‘राहतो एखादा,’ तो म्हणाला.

‘माझ्या हातून राहत नाही,’ ही म्हणाली. तिनं काटा तळहातावर घेतला, त्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘उन्हाळ्यापासून. आधी करंगळीला कळेनासं झालं, मग सगळ्याच बोटांना. वाटलं, सवयीनं जमेल.’

‘आणि तरी हं म्हणत होतीस?’

‘म्हणत होते.’

दुधाचा रतीब बंद करावा तशा आवाजात ती ड्रेसिंगवाल्याला म्हणाली, ‘ती पाकिटं लावू नका. उन्हाळ्यापासूनचं एकही लावू नका.’ मग शेडमध्ये जाऊन मुकादमाला सांगून आली. झाकली मूठ हिची हिनंच उघडली. रडली नाही. मी पुन्हा छताकडे बघत पडलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते. बेकरीवाल्याला मलम लावलं. नवी पाकिटं यायला चार दिवस गेले, ते चार दिवस तो कण्हत होता आणि ही रोज येऊन ऐकत होती.

आता ही पाकिटांवर लेबलं चिकटवते. बोटवाली म्हणायचं सगळ्यांनी आपोआप सोडलं.

माझी जखम भरून आली. नवी कातडी चकचकीत आहे, पण तिथं काही लागलेलं कळत नाही. रोज अंघोळीनंतर ही तिथं तेल लावते.

‘कळतंय का काही?’ काल तिनं विचारलं.

‘नाही. तुला?’

‘नाही.’

आपला हात नेमका कुठे आहे ते तिनं वाकून पाहिलं, आणि लावत राहिली.